दोन बोटं उंच

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. दागिन्यांची नाही, वाजवायचीही नाही, तेव्हा उगाच माना लांब करून आत डोकावू नका. माझ्या पोटात दीडशे ठोकळे आहेत, एकेक इंचभराचा, आणि मधोमध एक उभी फळी. एवढीच माझी इस्टेट. या इस्टेटीच्या जोरावर तीस वर्षं मी माणसांचे निकाल लावले, आणि ज्यांनी ते माझ्याकडून लावून घेतले त्यांच्याबद्दल माझं मत काही चांगलं नाही. तेच सांगणार आहे. गोड ऐकायचं असेल तर शेजारच्या फडताळात रबरी चेंडू आहे, त्याच्याकडे जा. त्याला येणाराजाणारा दाबतो, म्हणून तो सगळ्यांशी गोड बोलतो.

माझा जन्म हॅलिफॅक्स नावाच्या बंदराच्या शहरात, एका सुतारखान्यात झाला. मला घडवणारा म्हातारा एकदा बोलायचा आणि तीनदा मोजायचा. बर्चचं लाकूड, कोपरे चोख, मधली फळी बरोबर सहा इंच उंच. झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने नियमांचा कागद डकवला. आधी चांगल्या हाताची परीक्षा, मग दुखऱ्या हाताची. पंधरा सेकंद सराव, मग एक मिनिट खरी परीक्षा. एका वेळी एक ठोकळा उचलायचा, बोटं फळीपलीकडे न्यायची, मग सोडायचा. दोन एकदम नेले तर मोजताना एकच धरायचा. परीक्षा घेणाऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. सगळ्यांत खाली माझी मापं होती, फळीच्या उंचीसकट. सगळ्या मिळून बारा ओळी. बारा ओळी पाळायला किती अक्कल लागते, तुम्हीच सांगा.

तिथून मी दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहानशा इस्पितळात आले. खिडकीतून समुद्र दिसतो, म्हणजे धुकं नसेल त्या दिवशी. ज्यांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलंय, ज्याला डॉक्टर स्ट्रोक म्हणतात, अशी माणसं इथे हातपाय पुन्हा शिकायला येतात. मासेमार येतात, मासळीच्या कारखान्यातल्या बाया येतात. माझ्यापुढे टेबलाशी बसायचं आणि मिनिटभरात होतील तेवढे ठोकळे फळीपलीकडे टाकायचे. दर सोमवारी तो आकडा वहीत चढतो. लागोपाठ दोन सोमवार आकडा वाढला नाही, तर 'प्रगती थांबली' असा शेरा पडतो आणि खाट रांगेतल्या पुढच्या माणसाला जाते. मग त्या हाताचं जे झालं असेल ते झालं.

माझ्या पहिल्या बाई कडक होत्या. नियम वाचून दाखवायच्या, घड्याळ डोळ्यांपुढे धरायच्या आणि ओठ घट्ट मिटायच्या. तेव्हा माझा मान होता. त्या निवृत्त झाल्या आणि माझी सूत्रं लोर्ना कॉर्कमच्या हातात गेली.

लोर्ना स्वभावाने वाईट नाही. वाईट असती तर परवडलं असतं, वाईट माणसं निदान लक्ष देऊन काम करतात. ही एकीकडे ठोकळे मोजायची आणि दुसरीकडे चर्चच्या जेवणाला किती हेरिंग मासे खारवायचे ते सांगत बसायची. कुणी दोन ठोकळे एकदम नेले की दोन धरायची. "गरिबाचं कशाला मारायचं?" म्हणे. अगं, गरिबाचं भलं करायचंय तर नीट मोज की! आणि त्या बारा ओळींवर तिने सुट्ट्यांचं वेळापत्रक चिकटवलं. कोण कधी रजेवर जाणार ते पाहायला माझं झाकण रोज दहादा उघडायचं, पण त्याच्या खालचं कुणी वाचलं नाही.

तिच्या हाताखाली टेस नावाची तरुण पोरगी आली. कॉलेजातून ताजी. हिला नियम ठाऊक होते, दोनाला एकच धरायची. पण तोंड! "चला, शाब्बास, अजून एक, अजून एक!" असा आरडाओरडा, की घोड्यांची शर्यतच लागली आहे. मिनिट संपलं की घड्याळ वाजायचं, पण स्वतःच्याच ओरडण्यात ते बाईसाहेबांना ऐकू यायचं नाही. कधी सत्तर सेकंद, कधी ऐंशी.

एकदा दोघींनी एकाच माणसाची एकाच दिवशी परीक्षा घेतली. वर्षातून एकदा तसं करायचा रिवाज होता, दोघींचं मोजणं जुळतं का ते पाहायला. लोर्नाचे चौतीस आले, टेसचे सत्तावीस.

"आता गं?" टेसने विचारलं.

"मधला टाक."

"साडेतीस येतो."

"अर्धा ठोकळा कुठून आणू? तीस टाक. आकडे वर-खाली होतातच गं."

तोच हात, तेच ठोकळे, तीच मी. सातांचा फरक पडला आणि या बयांनी तो वाटून घेतला. तो तीस कुणाचाच नव्हता, पण वहीत तोच गेला. "आकडे वर-खाली होतातच" हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे त्याच वाक्याने घात केला.

हो, माझ्यावर तपासणीचा शिक्काही आहे बरं का! दर वर्षी एक गृहस्थ वरच्या कचेरीतून यंत्रं तपासायला येतात. त्यांनी मला उलटंसुलटं केलं, विजेची तार कुठे सापडेना, म्हणून 'सुरक्षित' असा हिरवा कागद चिकटवून ते जेवायला गेले. त्यांच्याकडे माप घ्यायची पट्टीसुद्धा नव्हती.

अशा थोर लोकांच्या राज्यात, दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये, ऑरिन हिमेलमन आला.

ऑरिन डोऱ्या बांधायचा. डोरी म्हणजे सपाट बुडाची होडी, या किनाऱ्यावर तिच्यावर पिढ्या जगल्या. सत्तरीला टेकलेला, पण खांदे अजून रुंद होते. स्ट्रोकने त्याचा उजवा हात नेला आणि बोलणंही नेलं. डोक्यात सगळं शाबूत, पण तोंडातून दोनच शब्द निघायचे, "नाही" आणि "हात्तिच्या". त्याची बायको वेर्ना म्हणायची, "चाळीस वर्षांच्या संसारात मी याच्या तोंडून हेच दोन ऐकलेत. मला तर काही फरक कळेना." असं म्हणायची आणि खिडकीकडे तोंड फिरवून डोळे पुसायची.

त्याच्या शेजारच्या खाटेवर चेस्ली निकल होता. मासेमारी बोटींवर चाळीस वर्षं स्वयंपाकी, आता एकटा जीव. त्याचा डावा हात गेला होता, जीभ मात्र दोघांपुरती चालायची. स्वतःचा बटाटा स्वतः सोलता आला की घरी जायचं, नाहीतर वृद्धाश्रम, हे त्याला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पहिल्या सोमवारी ऑरिनचे पाच ठोकळे झाले, चेस्लीचे नऊ.

"पाच आणि नऊ," चेस्ली म्हणाला. "दोघांत मिळून एक बुटाची नाडी बांधता यायची नाही, ऑरिन."

"हात्तिच्या!"

"बरोबर बोललास."

त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. ऑरिनला दर शनिवार-रविवार घरी जायची परवानगी मिळणार होती. शुक्रवारी वेर्ना आली, तिच्या पिशवीतून देवदाराची एक बारीक काठी वर डोकावत होती. या होडीवाल्यांची ही जुनी रीत आहे. ते आकडे लिहून ठेवत नाहीत. जी वस्तू मोजायची तिलाच काठी लावतात आणि काठीवर पेन्सिलीने खूण करतात. आकडा ऐकताना चुकतो, लिहिताना चुकतो. खूण चुकत नाही. ऑरिनच्या शेडमध्ये अशा काठ्या भिंतभर टांगल्या होत्या, त्याच्या बापाच्यासुद्धा.

ऑरिनने डाव्या हाताने काठी माझ्या पोटात उभी केली, फळीच्या वरच्या काठाशी अंगठा टेकला आणि वेर्नाकडे पाहिलं. तिने खूण केली. मग माझी लांबी, माझी रुंदी, ठोकळ्याची बाजू. एकेक खूण करताना तो नखाने चाचपून पाहायचा आणि पसंत नसली की "नाही" म्हणायचा. तीस वर्षांत मला घडवणाऱ्या म्हाताऱ्यानंतर कुणी मला असं हात लावून मोजलं नव्हतं. मला, खरं सांगते, भरून आलं.

लोर्ना दारातून हसली. "हे काय गं वेर्ना? पेटीला सदरा शिवतेस?"

"घरी अशीच एक करते. दोन दिवस रिकामा बसून माझं डोकं खाण्यापेक्षा ठोकळे टाकील."

"कर बाई, कर. हौस आहे."

शाळेत एका बाकावर बसलेल्या या दोघी. त्या शनिवारी वेर्नाने करवत धरली, ऑरिनने डाव्या हाताने लाकूड धरलं, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे शिव्या दोघांनी निम्म्या निम्म्या दिल्या. संध्याकाळपर्यंत माझी जुळी बहीण तयार झाली.

दुसऱ्या सोमवारी ऑरिनचे अकरा झाले. तिसऱ्या सोमवारी सतरा. चेस्लीचे वीस. चेस्लीने त्या दिवशी टेसला फर्मान सोडलं, "पोरी, बटाटा आण. मोठा आण." बटाटा हातातून तीनदा सुटला, चौथ्यांदा त्याने अर्धा सोलला. ऑरिन टेबलावर थापा मारत होता.

आणि त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी लोर्नाचा वाढदिवस आला. टेसला भिंतीवर फुगे लावायचे होते, हात पुरेना. बाईसाहेब माझ्यावर उभ्या राहिल्या! कडाड् आवाज झाला आणि माझी सहा इंची फळी उभी चिरली. हसल्या दोघी. केक कापला. सगळ्यांना वाटला.

दुरुस्तीला क्लाइड आला. इस्पितळातले नळ, दिवे, दरवाजे सगळं तोच बघतो. त्याने माझी चिरलेली फळी कचऱ्यात टाकली, गोदामातल्या मोडक्या शेल्फची एक फळी आणली, लांबी कापून खाचेत ठोकली, आणि शीळ घालत निघून गेला. फळीची रुंदी कापायचे त्याने कष्ट घेतले नाहीत. ती माझ्या पोटात दोन बोटं जास्त उंच उभी राहिली. मी कण्हत होते. पण लाकडाचं कण्हणं ऐकायला इथे कान कुणाला आहेत?

चौथा सोमवार उजाडला. दोन बोटं म्हणजे काय, हे तुम्हा धडधाकट लोकांना कळायचं नाही. ज्याचा खांदा हात उचलताना थरथरतो, त्याला ती दोन बोटं डोंगर असतात. चेस्ली विसावरून पंधरावर आला. ऑरिन सतरावरून तेरावर. फक्त तेच नाहीत, त्या दिवशी माझ्यापुढे नऊ जण बसले आणि नऊच्या नऊ घसरले. सगळ्या वॉर्डाचे हात एकाच सोमवारी ढिले पडले, आणि दोन शिकलेल्या बायांपैकी एकीच्याही मनात आलं नाही की, बाई गं, हे काय आहे?

"हवा दमट आहे," लोर्ना म्हणाली. "आकडे वर-खाली होतातच."

बघितलंत? आधीच आकड्यांचा धड भरवसा नव्हता, म्हणून खरी चूक शिरली तेव्हा ती त्याच गोंधळात लपून बसली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि या दोघी नाचणाऱ्यांना नावं ठेवत होत्या.

ओळखलं ते एकट्या ऑरिनने. तिसऱ्या ठोकळ्यालाच तो थांबला. डाव्या हाताचा अंगठा त्याने फळीच्या काठावरून फिरवला, तिला चापट मारली आणि ओरडला, "नाही! हात्तिच्या! नाही, नाही!"

"ऑरिन, थांबू नका, वेळ चाललाय! चला, शाब्बास!" टेस ओरडली.

"नाही!"

ज्या माणसाने केसाइतका फरक बोटाने ओळखत जन्म काढला, तो सांगत होता. टेसने फाईलमध्ये लिहिलं, 'रुग्ण चिडचिड करतो, सहकार्य नाही.' मला दात असते तर मी तिच्या पेनाचे तुकडे केले असते.

पाचव्या सोमवारीही तेच, चेस्ली पंधरा, ऑरिन तेरा. चेस्लीच्या नावापुढे शेरा पडला आणि शुक्रवारी त्याचं सामान बांधलं. जाताना त्याने ऑरिनच्या खांद्यावर हात ठेवला. "पंधरा म्हणजे पंधरा, गड्या. पेटी काय खोटं बोलणार आहे? तू मात्र चिकाटी सोडू नकोस." तो जाईपर्यंत ऑरिन "नाही, नाही" म्हणत राहिला. लोकांना वाटलं, मित्र चालला म्हणून रडतोय.

शेरा ऑरिनच्या नावापुढेही पडला होता, पण वेर्नाने हट्ट धरला म्हणून सहाव्या सोमवारी परीक्षेऐवजी डॉक्टरांची बैठक होती, ऑरिनच्या निकालाची. तीन आठवडे आणखी मिळाले तर हात कामाचा होण्याची आशा होती. नाही मिळाले तर घर, खुर्ची आणि खिडकी. सकाळीच वेर्ना लोर्नाच्या टेबलाशी उभी राहिली. तिच्या हातात किराणा दुकानाची पिशवी फाडून केलेला कागद होता.

"घरच्या पेटीवर गेल्या तीन रविवारचे अठरा, एकवीस, चोवीस आलेत. तुमच्याकडे तेरा कसे?"

लोर्नाने तिच्या दंडावर हात ठेवला, समजूत घालायला. "अगं वेर्ना, घरचं मोजणं ते. मायेने मोजलेलं असतं. त्यात तुझा दोष नाही."

"माया? मी? लोर्ना कॉर्कम, चाळीस वर्षं मी या माणसाची फक्त चूक मोजत आलेय! स्वयंपाकघरातलं घड्याळ समोर ठेवून मोजलंय मी. तू तरी मोजताना तोंड बंद ठेवतेस का?"

"हे बघ, आमच्या पेटीवर तपासणीचा शिक्का आहे. तुझी शेडमधली—"

एवढ्यात ऑरिन चाकाच्या खुर्चीवरून उठला. त्या सकाळी तो शेडच्या भिंतीवरची ती खुणांची काठी बरोबर घेतल्याशिवाय गाडीत बसायलाच तयार नव्हता, आणि वेर्नाने "घे बाबा, घे, तिला पण आण बैठकीला" म्हणून चिडून ती आणली होती. त्याने ती काठी माझ्या पोटात उभी केली, फळीला टेकवली, आणि मागे सरला.

पेन्सिलीची खूण दोन बोटं खाली होती.

 वेर्ना वाकली, तिने खुणेवर बोट ठेवलं, मग फळीच्या काठावर ठेवलं. "ही फळी ती नाहीच," ती म्हणाली. "लोर्ना, ही ती फळी नाही!"

लोर्नाने काठीची दुसरी खूण माझ्या लांबीला लावून पाहिली, ती तंतोतंत जुळली. तिसरी ठोकळ्याला, तीही जुळली. तिचा चेहरा उतरत गेला. क्लाइडला बोलावलं.

"फळी केवढी केलीस?"

"होती तेवढी."

"कशावरून?"

"डोळ्यावरून," क्लाइड म्हणाला. "बाई, ठोकळ्यांचा खेळ आहे तो. दोन बोटांनी कुणाचं काय बिघडतंय?"

वेर्ना पुढे झाली. तिने ऑरिनचा उजवा हात उचलून क्लाइडच्या पुढे धरला आणि धरूनच ठेवला. क्लाइडने आधी हाताकडे पाहिलं, मग बुटांकडे.

तेव्हा कुठे लोर्नाने माझ्या झाकणावरचं वेळापत्रक नखाने सोललं. खाली बारा ओळी होत्या, पिवळ्या पडलेल्या. शेवटची तिने मोठ्याने वाचली. फळीची उंची सहा इंच. इतकी वर्षं उत्तर तिच्याच वेळापत्रकाखाली होतं आणि ती रजेच्या तारखा बघत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

क्लाइडने करवत आणली. रेघ ऑरिनने आखली, काठीवरून. फळी कापल्यावर तो तिचा काठ बराच वेळ घासत बसला, डाव्या हातात काचकागद आणि उजव्या हाताने फळी दाबून धरलेली. त्या आजारी हाताने त्या दिवशी जेवढं काम केलं तेवढं सहा आठवड्यांत केलं नव्हतं. मग परीक्षा झाली. लोर्नाने घड्याळ धरलं, टेसने मोजलं, आणि दोघींनी तोंडं मिटली. पंचवीस! घरच्या चोवीसवर एक. मायेच्या मोजण्यापेक्षा जास्त, ऐकलंत ना?

टेसने फाईल उघडून 'सहकार्य नाही' वर काट मारली आणि ती ओठ चावत बसली. मला काही दया आली नाही. ऑरिनला तीन आठवडे मिळाले. वॉर्डात उरलेल्यांना पुन्हा मोजलं, सगळ्यांचे आकडे जागेवर आले. इस्पितळभर कौतुक झालं, वरच्या कचेरीतून कुणीतरी येऊन ऑरिनचा काठीसकट फोटोसुद्धा काढला. झालं. गोष्ट संपली असं सगळ्यांना वाटलं.

ऑरिनला तसं वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी, एकतीस ठोकळे टाकून घरी निघण्याच्या दिवशी, त्याने लोर्नाच्या टेबलावरची वही ओढली. उजव्या हाताने. पानं उलटत तो चौथ्या सोमवारापाशी थांबला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ओठ हलले, पुन्हा हलले.

"चेस्ली," तो म्हणाला.

स्ट्रोकनंतरचा त्याचा पहिला नवा शब्द. वेर्नाने खुर्चीचा हात घट्ट धरला. लोर्ना टाळी वाजवणार होती, पण तिने वहीकडे पाहिलं आणि हात खाली घेतले. फोटो काढणाऱ्यांना, टाळ्या पिटणाऱ्यांना, कुणालाही तीन आठवड्यांत हा प्रश्न पडला नव्हता, की जे आधीच हाकलले गेले त्यांचं काय? वॉर्डातून गेला, डोक्यातून गेला. नऊपैकी चार जण गेले होते. लोर्नाने तिथेच फोन फिरवायला घेतला. दोघी यायला तयार झाल्या. एकाचा मुलगा म्हणाला, "विचारून सांगतो." मग वृद्धाश्रमात चेस्लीला लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"चेस्ली, मी लोर्ना. तुम्ही परत या. पुन्हा मोजू. तेव्हा पेटी चुकीची होती."

"असेल बाई." त्याचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत नव्हता. "पण मी ती खरी मानली ना. तो हात महिनाभर खिशातच आहे. आता बोटं उघडत नाहीत."

"चेस्ली," ऑरिन फोनपाशी वाकून म्हणाला. "चेस्ली."

"कोण, ऑरिन? अरे वा, बोलायला लागलास की लेका!" तो हसला, मनापासून हसला. मग म्हणाला, "तुम्ही नका त्रास घेऊ. इथे बटाटे सोललेलेच येतात."

फोन ठेवल्याचा आवाज आला. ऑरिन "नाही" म्हणाला, कुणाला उद्देशून ते मला कळलं नाही.

मित्रांनो, मी इतका वेळ या लोकांना नावं ठेवली, आणि त्यातलं एकही परत घेत नाही. पण चेस्लीने विश्वास लोर्नावर ठेवला नव्हता, टेसवरही नाही. माझ्यावर ठेवला होता. "पेटी काय खोटं बोलणार आहे" असं तो म्हणाला होता, आणि मी दोन सोमवार खोटं बोलत होते. ते माझ्या लाकडात राहिलंय, काचकागदाने निघत नाही.

ऑरिनने ती काठी माझ्या झाकणाला बांधून ठेवली आहे. आता दर सोमवारी सकाळी लोर्ना ती माझ्या पोटात उभी करते, खूण बघते, आणि गप्प राहून मोजायला बसते. तुम्हीही मोठे व्हाल, कुणी डॉक्टर व्हाल, कुणी मास्तर. दुसऱ्याला मोजायची पाळी येईल. तेव्हा शिक्क्यावर जाऊ नका, आधी हातातलं माप मोजा. काठी लावायला अर्धं मिनिट लागतं.